चोपड्यातल्या स्पेक्ट्रोच्या मेमरीतली रीडिंगं जळगावात बसून कशी काढायची?

काळी_कसदार | सोमवार, सकाळी ९:४०

माती तपासणीची लॅब चोपड्याला आहे, अहवाल जळगावात तयार होतात. स्पेक्ट्रो (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) जुना, सिंगल बीम, मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट. मेमरीत ५०० रीडिंगं राहतात, लाइट गेली तरी जात नाहीत. सध्या स्क्रीनवर एकेक रीडिंग पुढे सरकवून वहीत उतरवलं जातं, वहीच्या पानाचा फोटो जळगावला येतो आणि इथे ते सगळं परत टाइप होतं. एकच आकडा दोनदा उतरवला जातो, मग कुठेतरी ०.१८२ चं ०.१२८ होतं. स्फुरदाच्या रीडिंगमध्ये एवढा फरक पडला की शेतकऱ्याला सांगितलेला खताचा डोसच बदलतो.

लॅबमध्ये सिमकार्डाचा राउटर आहे. मेमरीतली रीडिंगं थेट जळगावात वाचता येतील का? यूएसबी कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर टर्मिनल (पोर्टवरून येणारा मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं, स्पीड मेन्यूत दिसतो तोच ९६०० ठेवला आणि यंत्रावर 'प्रिंट मेमरी' दाबलं. काहीच आलं नाही.

नऊपिन | सोमवार, सकाळी १०:१५

आधी टेबलावरच्या लॅपटॉपवर रीडिंगं येऊ द्या, जळगावचं नंतर बघू.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब ५ नंबरच्या पिनला, लाल आधी २ ला, मग ३ ला. यंत्र चालू आहे पण काही पाठवत नाही, अशा वेळी ज्या पिनवर साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतात ती त्याची बोलायची पिन. कन्व्हर्टरच्या बाजूनेही असंच मोजा. मग केबल लावून बघा दोन्ही बोलायच्या पिना एकमेकींनाच जोडल्या जातात का. तसं असेल तर एका तारेवर दोघं बोलतायत आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसलेत. क्रॉस केबल हवी: २ तिकडच्या ३ ला, ३ तिकडच्या २ ला, ५ सरळ ५ ला.

कन्व्हर्टरवर शंका असेल तर तो यंत्रापासून सोडवा, त्याची २ आणि ३ पिन तारेच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनलमध्ये काहीही टाइप करा. तेच परत स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर ठीक.

एवढं करूनही यंत्र गप्प असेल तर ते समोरून 'तयार' असा इशारा येण्याची वाट बघत असणार. ७-८ वर तो इशारा चालतो.

पांझराकाठ | सोमवार, सकाळी १०:५०

एवढी खटपट कशाला करू राहिले? कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, लॅबमधल्या कॉम्प्युटरवर टाका आणि जळगावातून रिमोट डेस्कटॉपने तो कॉम्प्युटर उघडा. झालं काम.

मापनवही | सोमवार, सकाळी ११:३०

@पांझराकाठ, सॉफ्टवेअर मिळत असेल तर तो रस्ता चांगलाच आहे. कुणी केव्हा काय बदललं याची नोंद ते स्वतः ठेवतं. पण फार जुन्या मॉडेलांची सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि रिमोट डेस्कटॉपवर आकडे नुसते दिसतात. तिथून माणूस ते बघून टाइप करणार असेल तर उतरवण्याची चूक जिथल्या तिथेच राहिली. फाइल निघाली पाहिजे.

एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असेल किंवा घ्यायची असेल तर आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीतलं कलम ७.११ वाचून घ्या. ते माहितीच्या व्यवस्थापनाबद्दल आहे. घरी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, पण वापरात आणण्याआधी तो तपासल्याचा पुरावा लागतो. सोपा मार्ग असा: वीस रीडिंगं हाताने उतरवा, तीच वीस फाइलमधून काढा, शेजारी शेजारी छापा, सही करून फाइलला लावा.

काळी_कसदार | सोमवार, दुपारी ४:०५

@नऊपिन, केबल सरळच होती. क्रॉस करून घेतली आणि मजकूर यायला लागला, आभार. पण तो विचित्र येतोय. ओळी नीट तुटतात, दशांश चिन्ह बरोबर दिसतं, पण काही आकडे दिसतात आणि काहींच्या जागी चिन्हं. १ च्या जागी अधिक-उणे एकत्र असलेलं चिन्ह, २ च्या जागी वर चढवलेला बारीक २. स्पीड बदलून पाहिला तर सगळंच बिघडतं.

अर्धा_अँपिअर | सोमवार, दुपारी ४:३०

०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात, असंच ना?

काळी_कसदार | सोमवार, दुपारी ४:३८

अगदी असंच! कसं ओळखलं?

अर्धा_अँपिअर | सोमवार, संध्याकाळी ५:१०

यंत्र ७ बिट आणि इव्हन पॅरिटीवर (पुढे एक तपासणीचा बिट, १ ची संख्या सम करायला) आहे, तुमचं टर्मिनल ८ बिट आणि पॅरिटी नाही या सेटिंगवर. दोन्हीकडे एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिटच लागतात. म्हणून ओळी नीट येतात, स्पीडही बरोबर वाटतो.

आता एक आकडा जवळून बघा. '३' चा कोड दोन-अंकी पद्धतीत ०११००११, त्यात १ हा अंक चार वेळा. चार ही समसंख्या, म्हणून पॅरिटीचा बिट ० राहतो आणि तुमचं टर्मिनल '३' च दाखवतं. '१' चा कोड ०११०००१, त्यात १ तीन वेळा. बेरीज सम करायला यंत्र पुढे आणखी एक १ लावतं, टर्मिनल त्याला आठवा बिट समजतं, कोड १२८ ने वाढतो आणि तिथे अधिक-उणे चिन्ह उमटतं. दशांश बिंदूच्या कोडमध्ये १ चार वेळा येतो म्हणून तो वाचला.

टर्मिनलमध्ये ९६००, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप करा. प्रोग्रॅममध्ये आठवा बिट नुसता छाटून टाकायचा मोह होतो, आकडे दिसायलाही लागतात, पण पॅरिटी ही चूक पकडायची सोय आहे. ती छाटली की वाटेत बिघडलेला आकडा चांगल्या आकड्यासारखा दिसून अहवालात जातो.

काळी_कसदार | सोमवार, संध्याकाळी ५:४५

सगळं स्वच्छ आलं. एका ओळीत अनुक्रमांक, तारीख, वेळ, तरंगलांबी आणि अ‍ॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला गेला तो आकडा), मिळून ३८ अक्षरं. आता हे चोपड्याहून जळगावला कसं आणायचं?

केळीचा_घड | सोमवार, संध्याकाळी ६:२०

विषय थोडा वेगळा, पण मेमरीचाच आहे. सावद्याच्या कोल्ड स्टोरेजमधला तापमान नोंदवणारा लॉगर मॉडबसवर (यंत्रांची आकडे मागायची-द्यायची भाषा) आहे. खोली १३.५ अंशांवर आहे आणि वाचताना ० येतं. केळी १३ च्या खाली गेली की सालीला काळपटपणा येतो, त्यामुळे या आकड्यावर डोळे मिटून बसता येत नाही.

नऊपिन | सोमवार, संध्याकाळी ७:००

@केळीचा_घड, दशांश आकडा दोन रजिस्टरांत (मेमरीतल्या कप्प्यांत) मिळून ठेवलेला असतो. १३.५ म्हणजे पहिल्यात १६७२८ आणि दुसऱ्यात ०. तुमचा प्रोग्रॅम ही दोन उलट क्रमाने जोडत असेल तर इतका लहान आकडा तयार होतो की स्क्रीनवर ० च दिसतो. आधी दोन्ही रजिस्टरं सुटी, साध्या पूर्णांकात वाचा. १६७२८ दिसलं तर लॉगर बरोबर आहे, फक्त रजिस्टरांचा क्रम बदला.

मॅन्युअलमधला ४०००१ हा पत्ता प्रत्यक्ष संदेशात ० म्हणून जातो, त्यामुळे पत्त्यात एकाचा फरक पडून शेजारचं रजिस्टर वाचलं जातं, तेही बघा. एका वेळी १२५ पेक्षा जास्त रजिस्टरं मागू नका. साठवलेल्या नोंदींसाठी बऱ्याच लॉगरांमध्ये आधी एका रजिस्टरात नोंदीचा क्रमांक लिहावा लागतो, मग ती नोंद ठरलेल्या रजिस्टरांत येऊन बसते. क्रमांक लिहून लगेच वाचलं तर मागचीच नोंद दुसऱ्यांदा हाती येते.

मेमरी भरल्यावर लॉगर थांबतो की जुन्यावर लिहितो, हेही मेन्यूत पाहून घ्या. ८००० नोंदींची मेमरी आणि १५ मिनिटांचं अंतर असेल तर ८३ दिवस पुरते. तेच अंतर १ मिनिट केलं तर साडेपाच दिवसांत भरते.

केळीचा_घड | सोमवार, संध्याकाळी ७:४०

१६७२८ च आहे. क्रम बदलला, १३.५ आलं. मंडळी, खूप आभार!

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ९:१५

@काळी_कसदार यांच्या प्रश्नावर येतो. यंत्राशेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवा. रीडिंगं तोच उचलेल, स्वतःकडे फाइलमध्ये ठेवेल आणि नेट असेल तेव्हा जळगावला पाठवेल. जळगावातून थेट सिरियल पोर्ट उघडायचा विचार सोडा. नेट मधेच गेलं तर यंत्र रीडिंगं पाठवतच राहतं आणि घेणारा कुणी नसतो. मेमरी पूर्ण भरली तरी ५०० ओळी, प्रत्येकी ३८ अक्षरं, ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं: जेमतेम २० सेकंदांचं काम. ती २० सेकंदं लॅबमधल्या लॅबमध्ये पार पडू द्या.

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, यंत्राच्या पोर्टवर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत असतात. थेट जोडलं तर पाय जळेल. यूएसबी कन्व्हर्टरमधूनच जा. दोन कन्व्हर्टर लावले तर पाय सुरू होताना त्यांची नावं अदलाबदल होऊ शकतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये 'टीटीवाययूएसबी०' असं नाव न देता यूएसबीच्या भोकावरून ठरणारं कायमचं नाव द्या, ते 'बाय-पाथ' फोल्डरमध्ये मिळतं. स्वस्त कन्व्हर्टरांना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे 'बाय-आयडी' तिथे उपयोगी पडत नाही.

आता वाट. सिमच्या नेटवर बाहेरून आत येता येत नाही, कारण कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवते. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही फायदा नाही. पायनेच आतून बाहेर जोडणी करायची. वायरगार्ड (दोन ठिकाणं नेटवरून खाजगी वाटेने जोडणारा प्रोग्रॅम) टाका, जळगावच्या बाजूला स्थिर पत्त्याचं कनेक्शन किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर ठेवा, आणि पायच्या बाजूच्या सेटिंगमध्ये 'पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह' २५ सेकंद करा. तो आकडा टाकला नाही तर थोडा वेळ शांतता झाली की वाट बंद होते आणि जळगावातून पाय दिसेनासा होतो.

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ८:३०

पायऐवजी सिरियलचं इथरनेट करणारा तयार डबा मिळतो. त्यात मेमरी कार्ड नाही, अपडेट नाही, देखभाल कमी. त्याला का नको म्हणता?

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०५

@पांझराकाठ, एकाच इमारतीत, तारेच्या नेटवर्कवर तो डबा उत्तम. पण त्याच्याकडे साठवण नाही. नेट नसताना 'प्रिंट मेमरी' दाबलं तर ती रीडिंगं हवेत गेली. दुसरं म्हणजे बहुतेक डबे एका वेळी एकच जोडणी घेतात. जळगावचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर डब्याला ते कळत नाही, तो जुनीच जोडणी धरून बसतो आणि नव्याला आत घेत नाही. मेन्यूत निष्क्रिय जोडणी तोडायची वेळ असते, ती ६० सेकंदांच्या आसपास ठेवावी लागते. तिसरं, डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. सिरियलच्या भाषेत पासवर्ड नावाची गोष्टच नाही, मॉडबसचंही तेच. पत्ता ज्याला कळेल तो तुमची मेमरी वाचेल आणि पुसेलही.

सातपुडा_पायथा | मंगळवार, सकाळी ११:२०

आपल्या भागाचं दोन गोष्टींत सांगतो, ऊन आणि लाइट.

लाइट अचानक गेली की पायचं मेमरी कार्ड लिहिता लिहिता बिघडतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग 'फक्त वाचा' असा ठेवा, त्यासाठी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले नावाची सोय आहे, आणि रीडिंगांची फाइल वेगळ्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवा. यंत्र आणि पाय एकाच यूपीएसवर घ्या. एक यूपीएसवर आणि दुसरं भिंतीतल्या वेगळ्या अर्थिंगवर असेल तर दोन अर्थिंगांमधला फरक सिरियलच्या ५ नंबरच्या तारेतून वाहतो आणि पोर्ट जातं. मे-जूनच्या वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तर नक्कीच. मधे ऑप्टो-आयसोलेटर (तारेने न जोडता प्रकाशाने संदेश पुढे देणारा भाग) घालणं सर्वांत बरं.

दुसरं घड्याळ. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत स्वतःचं घड्याळ नाही, ५ मध्ये आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट येते, नेट यायला वेळ लागतो, तोवर पायची वेळ चुकीची. डीएस३२३१ चं छोटं घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्यात तापमानानुसार दुरुस्ती असते, ४० अंशांपर्यंत दहा लाखात २ इतकाच फरक. साध्या क्रिस्टलचा २० धरला तरी महिन्याला ५० सेकंदांच्या वर जातो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या खोल्या ४० च्या वर तापतात.

स्पेक्ट्रोचं घड्याळही बघा. आतला सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर तारीख मूळ स्थितीला जाते. बऱ्याच जुन्या यंत्रांत रीडिंगांची मेमरीही त्याच सेलवर जिवंत असते. तारीख चुकू लागली की सेल बदलायच्या आधी रीडिंगं काढून घ्या, नंतर नाही.

मापनवही | मंगळवार, दुपारी १२:४५

सातपुडाभाऊंच्या घड्याळाच्या मुद्द्याला जोडून. प्रत्येक वेळी रीडिंगं काढताना यंत्राचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. बॅच चालू असताना घड्याळ दुरुस्त करू नका, नाहीतर नमुन्यांचा क्रम उलटसुलट होतो. बॅच संपल्यावर करा आणि केल्याचं लिहून ठेवा.

आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची धरा. यंत्राकडून आलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी एका कच्च्या फाइलमध्ये आधी जाऊ द्या. काटछाट, दशांश, तारीख सुधारणं, हे सगळं दुसऱ्या फाइलमध्ये. कच्च्या फाइलला कुणी हात लावायचा नाही. मग मोजणी करा: यंत्र सांगतं किती, कच्च्या फाइलमध्ये किती, जळगावच्या तक्त्यात किती. तिन्ही आकडे जुळेपर्यंत यंत्राची मेमरी पुसायची नाही. काही यंत्रांत 'पाठवल्यावर पुसा' असं सेटिंग आधीपासून चालू असतं, ते पहिल्याच दिवशी बंद करा.

काळी_कसदार | गुरुवार, दुपारी ३:१०

पाय बसवला, वायरगार्ड चालू झालं, फाइल जळगावात आली. पण मापनवही ताईंनी सांगितलेली मोजणी जुळत नाही. यंत्र ४१२ म्हणतं, जळगावच्या तक्त्यात ४०९ आहेत. ७-८ वरचा इशारा चालू आहे, पॅरिटीची एकही चूक नोंदलेली नाही. तीन कुठे गेली?

अर्धा_अँपिअर | गुरुवार, दुपारी ३:२५

कच्च्या फाइलमध्ये किती?

काळी_कसदार | गुरुवार, दुपारी ३:४०

४१२. म्हणजे पाठवण्यात गेली नाहीत.

अर्धा_अँपिअर | गुरुवार, दुपारी ३:५५

मग तुमच्या तक्त्याच्या प्रोग्रॅमने गाळली. अनुक्रमांक कुठे उडी मारतो ते बघा आणि त्या ओळी कच्च्या फाइलमधून इथे लिहा.

काळी_कसदार | गुरुवार, दुपारी ४:२०

१३८, १३९ आणि २७१. तिन्हींमध्ये अ‍ॅब्सॉर्बन्सच्या जागी आकडा नाही, 'ओव्हर' असं लिहून आलंय. प्रोग्रॅमला आकडा सापडला नाही म्हणून त्याने ओळच सोडून दिली.

अर्धा_अँपिअर | गुरुवार, दुपारी ४:३०

प्रोग्रॅम बदला. आकडा नसलेली ओळ गाळायची नाही, तक्त्यात तशीच ठेवून लाल करायची. 'ओव्हर' हेही रीडिंगच आहे: नमुना यंत्राच्या मापाबाहेर गेला, एवढं ते सांगतं.

मापनवही | गुरुवार, दुपारी ४:५०

आणि तेच तीन नमुने परत करावे लागतील. ओल्सन पद्धतीचे (मातीतलं स्फुरद मोजायची पद्धत) असतील तर निळा रंग आलेलं द्रावण पाणी घालून पातळ करू नका. मूळ अर्क शिल्लक असेल तर ५ मिलीऐवजी १ मिली घ्या, उरलेले ४ मिली त्याच ०.५ मोलर बायकार्बोनेटने भरा, म्हणजे आम्ल तितकंच लागेल, आणि रंग नव्याने आणा. उत्तराला ५ ने गुणा. अर्क आजचाच आहे ना?

काळी_कसदार | गुरुवार, संध्याकाळी ५:०५

आजचाच आहे. चोपड्याला फोन केलाय, तिन्ही बाटल्या बाजूला काढून ठेवल्यात, १ मिलीने परत लावतायत. आधीच्या पद्धतीत वहीचा फोटो यायलाच दोन दिवस लागायचे, तोवर अर्क टाकून दिलेला असायचा. मेमरी अजून पुसलेली नाही, ४१२ जुळल्यावर पुसू.